अडकणारी टेप

दुलारीचा गुडघा लचकला आणि नेमकं तेव्हाच गाणं बंद पडलं. शूटिंगच्या फ्लोअरवरच्या सगळ्यांनी टेपच्या यंत्राला शिव्या घातल्या. तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. यंत्रामागे नवा पोरगा होता — हरेश मिरचंदानी, खुद्द निर्मात्याचा मुलगा, धंदा शिकायला आलेला.

"टेप अडकली," तो म्हणाला. आणि ती सोडवता सोडवता त्यानं दुलारीकडे असं पाहिलं, की... जाऊ दे. दमलेल्या बाईनं असल्या नजरा मनावर घेऊ नयेत.

सिनेमा होता टांगेवाला आणि गिरणीमालकाची मुलगी यांच्या प्रेमाचा. दुलारी तिसऱ्या ओळीत नाचायची, मालकाघरची पाहुणी म्हणून. अंगावर उसनी जरीची साडी, आत सुजलेला गुडघा. तो नाच बसवणाऱ्या मास्टरजींच्या ध्यानात आला असता, तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी राहिली असती. आणि घरी अम्मा नि धाकट्या बहिणी त्याच गुडघ्यावर उभ्या होत्या.

पुढे टेप वरचेवर अडकू लागली. दुलारीला धाप लागली, की अडकायचीच.

"फार नाजूक यंत्र हो तुमचं, छोटे शेठ," चहाच्या वेळी ती म्हणाली.

"यंत्र ठणठणीत आहे, दुलारीजी."

"मग शिव्या खायची हौस आहे?"

"घरच्याच शिव्या त्या... अंगाला लागत नाहीत."

ती हसली. सेटवर तिला 'जी' लावणारा हा एकटाच; बाकीच्यांना ती 'ए, तिसरी ओळ' होती. पण हसताना तिनं मनाशी हेही नोंदवलं, की शिव्या अंगाला न लागणं हीसुद्धा एक श्रीमंतीच.

मग आलं गाण्याचं शेवटचं कडवं. पडद्यावर ते संथ, तरंगत दिसायचं होतं; त्यासाठी कॅमेऱ्यातली फिल्म जोरात पळते, गाणं दुप्पट वेगानं वाजतं, आणि नाचणाऱ्यांनाही तसंच धावावं लागतं. गायिकेचा गोड गळा चिमणीसारखा चिवचिवू लागला. दुसऱ्याच गिरकीला दुलारी कळवळली. टेप थांबली.

त्या दिवशी मिरचंदानी शेठ सेटवर हजर होते. म्हणाले, "यंत्र बदला, नाहीतर यंत्रावरचा माणूस बदला."

हरेश उठून उभा राहिला. सिनेमातला टांगेवाला अंगात संचारला असावा. "यंत्र ठीक आहे, बाबा. मीच थांबवतो. दुलारीजींचा गुडघा दुखतो... आणि ते मला बघवत नाही."

शेठनी मास्टरजींकडे पाहिलं. मास्टरजी दुलारीच्या गुडघ्याकडे बघत तिला हळूच म्हणाले, "बेटा, कपडे बदल आणि घरी जा. उद्या येऊ नकोस."

हरेश धावत आला, तेव्हा दुलारी मेकअपरूमच्या पायरीवर घुंगरू सोडत होती.

"मी खरं तेच बोललो," तो म्हणाला.

"बोललात ना. तुमचं खरं, माझं पोट."

तो ओशाळला. मग म्हणाला, की आज रात्री तो बाबांशी लग्नाचंही बोलणार आहे.

"बाबांशी?" तिनं घुंगरू बाजूला ठेवले. "आणि मला कोण विचारणार? तेही फ्लोअरवर सगळ्यांसमोर जाहीर करणार होतात?"

आतून हाका येऊ लागल्या. नवी मुलगी ओळीत उभी राहिली होती, पण गाणं लावायला माणूस नव्हता.

"बोलावतायत," ती म्हणाली.

"ऐकू येतंय." तो हलला नाही. "दुलारीजी... माझ्याशी लग्न कराल?"

"आज मी फार दमलेय, हरेश. आज हो म्हटलं, तर ते गुडघ्यानं म्हटलेलं असेल."

"मग उद्या विचारू?"

"उद्याही. परवाही. तोवर अम्मासाठी उत्तर तयार ठेवा... ती पहिलं विचारेल, मुलगा करतो काय."

आतली हाक आणखी मोठी झाली. तो तरीही तिथंच उभा.

दुलारीनं दुखरा पाय सावकाश जवळ ओढला. पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.