हिरामणमामांची पाचर

"अरे, परत डावीकडेच पळाला!" उत्तम ओरडला.

लाल चेंडू भोकाच्या तोंडाशी गेला आणि ऐनवेळी वळला. कलकत्त्याच्या पाहुण्या खेळाडूने काठी खाली ठेवली. "इस टेबल में ढलान है," एवढंच तो म्हणाला.

पांढुर्ण्याच्या क्लबात आमंत्रितांची स्नूकर स्पर्धा, तीसुद्धा दूरदर्शनवर दाखवणार! म्हणून तर स्मिता, धाकटा उत्तम आणि मैत्रीण जयवंता दिवाळीच्या सुट्टीत सौंसरहून आले होते. स्मिताचे हिरामणमामा बावीस वर्षं हे टेबल सांभाळत होते. "टेबल म्हणजे तान्हं लेकरू," ते म्हणत, "जरा तिरपं ठेवलं का रडते."

सेक्रेटरी यशवंतराव लालबुंद झाले. "हिरामण! चार वाजता शूटिंग, अन् तू टेबल बिघडवून ठेवलं?"

"साहेब, परवा बरोबर होतं जी. एकडाव पायाशी पाहू द्या..."

"हात लावू नको! नागपूरहून मिस्त्री बोलावतो. अन् उद्यापासून तू येऊच नको!"

मामा बोटांवरची खडूची भुकटी सदऱ्याला पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसतच राहिले. स्मिताने डोळे पुसले.

"रडून काय होते?" जयवंता कुजबुजली. "उत्तम, कंचे हायेत?"

उत्तमच्या खिशात काचेच्या गोट्या नाहीत असं कधी झालंय का!

मोठी माणसं जेवायला गेली. "टेबलाच्या कपड्यावर नको हं, लाकडी काठावर ठेव," स्मिताने बजावलं. तीनदा ठेवला, तीनदा कंचा खिडकीच्या कोपऱ्याकडेच घरंगळला! तिघं टेबलाभोवतीची झालर उचलून टेबलाखाली शिरले. खिडकीकडच्या पायाखाली होता नुसता कोरा लाल गालिचा.

"पाचर कुठं गेली?" स्मिता दचकली. उन्हाळ्यात संत्र्याच्या पेटीची फळी तासून तिनेच मामांबरोबर ती पाचर बसवली होती. वर पेन्सिलीने आपलं नावही लिहिलं होतं.

"काल मामा पाहुण्यांना आणाले स्टेशनावर गेले होते," जयवंता म्हणाली, "तवाच गालिचा टाकला असन!"

उत्तम पालथा पडून बाहेर बघत होता. "ताई, त्या खुर्चीनं एकाच पायात बूट घातला!"

मंचावरच्या यशवंतरावांच्या खुर्चीखाली लाकडाचा तुकडा होता.

तेवढ्यात यशवंतराव परतले. "तिथं काय करून राहिले रे पोट्टेहो?"

"काका," स्मिता गोड आवाजात म्हणाली, "तुमची खुर्ची डुगडुगत नाही वाटते?"

"काल डुगडुगे. जॅक लावून टेबल उचललं, गालिचा टाकला, तर खालून एक ढलपी निघाली. म्या खुर्चीले लावली. वाया काहून घालवा?"

"मग त्या ढलपीवर माझं नाव काहून आहे?"

यशवंतरावांनी वाकून पाचर ओढली. वाचली. मग दाराशी बसलेल्या मामांकडे वळले.

"हिरामण," ते म्हणाले, "चूक माझी झाली. ये बाबा, तूच बसव."

जॅक लागला, पाचर बसली. पाहुण्याने चेंडू मारला. सरळ! "नजर तो इन बच्चों की!" त्याने टाळ्या वाजवल्या. यशवंतरावांनी तिघांची पाठ थोपटली आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

रविवारी सौंसरला शेजारच्या टीव्हीसमोर अख्खी गल्ली जमली. काळ्यापांढऱ्या पडद्यावर सगळे चेंडू करडेच. लाल कोणता, हिरवा कोणता, कळेल तर शपथ! मागे यशवंतराव खुर्चीत डुगडुगत होते. उत्तम हसून हसून लोळला.

स्मिता मात्र पडद्यावरचे मामांचे हात बघत होती. त्यांनी चेंडू अलगद जागेवर ठेवला, बोटं उचलली.

चेंडू तसूभरही हलला नाही.