तिथं कुणी नाही

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. आम्ही बौद्ध माणसं. आमच्यात आत्म्यालाच थारा नाही, मग भूत कुठून येणार? बाबा सायकलचे भाग सुटे करून अंगणात मांडायचे आणि विचारायचे, "आता ह्यात सायकल कुठं हाय?" माणसाचंही तसंच, म्हणायचे.

लातूरला क्लासच्या गल्लीत माझं गेमिंग कॅफे आहे. त्या दुपारी सगळी पोरं टेस्टला गेली होती. 'नीट'ची परीक्षा दुसऱ्यांदा देणारी सुमय्या तेवढी खेळत होती आणि एका जागी अडली होती. गेममध्ये पुढच्या शतकातलं शहर, निम्मी माणसं यंत्राची. यंत्राचा एक भिक्खू विचारत होता : हात बदलले, डोळे बदलले, मेंदूही बदलला, आत कोण उरलं?

"धम्माताई, तुमच्यातलंच हाय हे. तेवढं उत्तर टाका," म्हणत ती दप्तर घेऊन पळाली.

मी हसले. टाइप केलं : तिथं कुणी नाही.

पडद्यावर एकच शब्द आला : पक्का?

मी कीबोर्डवरून हात मागं घेतला. भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी, आमच्या घराच्या ढिगाऱ्यावर, एका जवानानं मला हेच विचारलं होतं. मी नऊ वर्षांची होते. दगडांखालून आवाज येत होता... तीनदा, थांबून दोनदा. बायका म्हणाल्या, भूत ठोकतंय. मी बाबांची लेक. भूत नसतं म्हणून ठासून सांगितलं, "तिथं कुणी न्हाई." जवान पुढं गेले. माझा धाकटा भाऊ विनोद पाचव्या दिवशी त्याच दगडांखाली सापडला. मुठीत पितळी पेला होता, तो त्याच्यासोबतच पुरला. बाबा जाईपर्यंत त्यांना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

मी वायर उपटली. पडदा काळा झाला. आणि टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्यातून... तीनदा. थांबून दोनदा.

पळावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग स्वतःचाच संताप आला. आत्मा नसेल तर नसो. भूत असो, मशीन असो. ठोकणाऱ्याला आधी बाहेर काढायचं, तो कोण ते मागून ठरवायचं. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती.

"थांब," मी म्हणाले. "ह्या वेळी मी कुठं जात न्हाई."

स्क्रू काढले. आत ना पंखा, ना तारा. नुसती पांढरी माती, आमच्या जुन्या गावच्या भिंतींची. वासावरून ओळखली. मी हातानं उपसायला लागले.

सुमय्या परतली तेव्हा दोन घमेली भरली होती आणि वीतभर रुंदीच्या त्या डब्यात माझा हात खांद्यापर्यंत गेला होता. ती दारातच थबकली.

"ताई... खालून कोण ठोकून राहिलं?"

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं. तेवढ्यात खाली कुणीतरी माझ्या बोटांत काहीतरी दिलं. वर काढलं. पितळी पेला, आताच कुणाच्या मुठीतून सुटावा तसा गरम.

पेला मी टेबलावर ठेवला. खाली ठोकणं चालूच होतं.

"घमेलं रिकामं करून आण," मी सुमय्याला म्हणाले आणि पुन्हा हात आत घातला.