नकाशावरची गाठ

कुणी हात न लावता एक गाठ नकाशावरून सरकत जाते आणि एका जागी थांबते. ही जागा तिला कोण सांगतं? दहा वर्षांची रुपी कोवासे हनुवटी टेबलाला टेकवून बघतच राहिली होती.

टेबल तिच्या आबाजींचं. ते लाकडाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. नोकरी संपल्यावर सागाच्या जंगलाकाठी आपल्या कोरमी गावात राहायला आले होते. आणि गाठ बांधली होती तोलनने. तोलन हा सरकारच्या नियोजन मंडळाचा यंत्रमानव. सन २०७४ मध्ये सरकारने सिमेंटऐवजी लाकडाची घरं बांधायचं ठरवलं आणि त्यासाठी मोठी आरागिरणी (ओंडके कापून फळ्या बनवण्याचा कारखाना) कुठे उभारायची, ते शोधायला त्याला पाठवलं.

रुपीची आई, जयतुरी, गावातल्या जुन्या गिरणीत आरा चालवायची. जुनी गिरणी आता बंद होणार होती. नवी जर दीडशे किलोमीटरवरच्या वीरपूर शहरात गेली, तर आईलाही तिकडे जावं लागणार होतं. महिन्यातून एकदा घरी येईन, असं तिने सांगितलं होतं. रुपीला तो विचारच सहन होत नव्हता.

टेबलावरच्या नकाशाला तीन भोकं होती: जंगल, शहर आणि फळ्या जोडायचा गोंद जिथून येतो ते बंदर. तीन दोऱ्या एका गाठीत बांधून भोकांतून खाली सोडल्या होत्या आणि प्रत्येकीला वजन टांगलं होतं. जितका माल वाहायचा, तितकं वजन. आबाजी म्हणाले की ज्याची ओढ जास्त, त्याच्याकडे गाठ जाते आणि जिथे ती थांबते, तिथे गिरणी उभारली की वाहतूक सगळ्यात कमी लागते.

तोलनने गाठीवरचं बोट उचललं. गाठ धुक्यातल्या नावेसारखी संथ निघाली आणि वीरपूरवर जाऊन थांबली. रुपीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू लाकूड कुठं तोललं?" तिने विचारलं.

तोलनने पोटाचा कप्पा उघडून सागाचा एक गुळगुळीत तुकडा काढला. मंडळाच्या कपाटात तो चार वर्षं नमुना म्हणून ठेवलेला होता. मंडळातले सगळे जण त्याच्यावरूनच हिशेब करायचे. रुपीने तो हातात घेतला आणि तिला हसूच आलं.

"हे तर खडखडीत वाळलं आहे. आईच्या गिरणीत येतं ते लाकूड पाण्यानं जड असतं."

मग तिघं गिरणीत गेली. आईने नुकताच आलेला शंभर किलोंचा ओंडका कापून दिला. साल गेली, भुसा आणि कडेच्या चिरफळ्या गेल्या. फळ्या वाळवणीच्या भट्टीत ठेवल्या, तसा ओलावा (लाकडात मुरलेलं पाणी) गेला. चार दिवसांनी तोलल्या, तर जेमतेम पस्तीस किलो भरल्या. आबाजींनी सांगितलं, याला वजन घटणारा कच्चा माल म्हणतात. तो शहरात नेऊन कापायचा म्हणजे पासष्ट किलो पाणी आणि भुसा उगाच फिरवायचा. खुर्च्यांचं मात्र उलटं. खुर्च्या इथे बनवल्या तर गाडीत निम्मी हवाच भरून जाईल, म्हणून खुर्च्यांचा कारखाना शहरातच बरा.

तोलनने जंगलाच्या दोरीला नवं वजन लावलं. गाठ हळूच मागे फिरली, नदी ओलांडून थेट जंगलाच्या भोकाशी येऊन टेकली. रुपीला वाटलं, आपणच त्या गाठीबरोबर तरंगत घरी आलो.

पण मंडळाला अहवाल पाठवण्याआधी तिला एक शंका आली. जंगल संपलं, तर ही दोरी ओढणार कोण?

"मोठी गिरणी चालली, तर अकरा वर्षांत संपेल, रुपीताई," तोलन म्हणाला. "मग गिरणी दुसरीकडे जाईल. साग वाढायला साठ वर्षं लागतात. जंगलाचे साठ भाग करून दरवर्षी एकच तोडला आणि तिथे लगेच रोपं लावली, तर गिरणी कायम इथेच राहील. पण ती लहान असेल. चाळीसऐवजी बाराच माणसं लागतील."

बारांत आई असेलच, असं कुणी सांगू शकत नव्हतं. रुपीला काही ठरवता येईना. आईने भुशाने माखलेले हात पुसले आणि तिला जवळ घेतलं.

"लहानच लिही, बाबा," ती तोलनला म्हणाली. "माह्यं नाव येवो का न येवो. हिच्या लेकरायलेबी जंगल दिसलं पाहिजे."

तोलनने तसंच लिहिलं.

दीड महिन्याने मंडळाची मंजुरी आली आणि सोबत बारा नावांची यादी. आईचं नाव अकरावं होतं. रुपीने ते तीनदा वाचलं आणि यादी तशीच धरून गिरणीकडे धावत सुटली.

पहिल्या भागात आता गुडघ्याएवढी रोपं उभी आहेत. ती तोडायला येतील तेव्हा रुपी सत्तरीची असेल. सध्या ती रोज शाळेतून येताना, त्यांच्या सावलीत बसायला अजून किती वर्षं लागतील, ते मोजते.