वरच्या मजल्याची नोंद

ग्वाल्हेरच्या डिसेंबरात सकाळी दहा वाजतासुद्धा समोरचं घर दिसत नाही. त्यामुळे गेटबाहेर उभा असलेला माणूस यशश्रीला आधी दिसलाच नाही, ऐकू आला. तो फोनवर कुणाला तरी वैतागून सांगत होता, "सर, मशीन ठंड में बंद पड़ गई है. मैं क्या करूँ, उसको स्वेटर पहनाऊँ?"

यशश्री ओले टॉवेल हातात घेऊन गॅलरीत उभी होती. तिला हसू फुटलं. त्यानं धुक्यात मान वर केली.

"संपत्तिकराचा सर्वे आहे," तो म्हणाला. "पाटी मराठीत दिसली, म्हणून मराठीत सांगतोय. घर मापायचंय."

हरिशंकरपुरमच्या त्या गल्लीतली सगळी घरं तो त्या आठवड्यात मापणार होता. लेझरचं मशीन गारठलेलं, सोबतचा माणूस आलेला नाही, म्हणून त्यानं पिशवीतून जुनी टेप काढली आणि तिचं दुसरं टोक धरायला यशश्रीला उभं केलं.

"घट्ट धरा."

"घट्ट धरली तर घर छोटं भरेल. तुमचा तोटा."

"ढिली धरा मग. घर मोठं भरेल, पण मी चोर ठरेन."

"चोर नाही वाटत तुम्ही."

"मग काय वाटतो?"

तिनं त्याच्या मफलरकडे, कानाला अडकवलेल्या पेनकडे नीट पाहिलं. "कारकून," ती म्हणाली.

यावर एखादा रुसला असता. हा मात्र मोकळेपणानं हसला, आणि यशश्रीचं टोक धरण्यातलं लक्ष उडालं ते उडालंच. मागची भिंत दोनदा मापावी लागली.

त्याचं नाव विक्रमसिंह. राहायला थाटीपुरात, सरकारी क्वार्टरमध्ये. वडील दौलतसिंह पाटबंधारे खात्यात, जूनमध्ये रिटायर होणार आणि त्याबरोबर क्वार्टरही सोडावं लागणार. याची स्वतःची नोकरी दोन वर्षांच्या प्रोबेशनवर होती, मार्चमध्ये पक्की व्हायची. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. मग एकदम साहेबी आवाज काढून विचारलं, "वर कोण राहतं?"

"दोन मुली. नर्सिंग शिकतात. भाड्यानं."

घरात मालक स्वतः राहत असेल तर कर निम्मा आणि भाडं घेत असेल तर पूर्ण, असा नियम. यशश्रीला तो माहीत होता. तरी तिनं सरळ खरं सांगितलं. तिची आई, सरोजिनीबाई, तेवढ्यात भिंतीला हात लावत चहा घेऊन आल्या. साखरेनं त्यांचे डोळे अधू झालेले. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे, आणि ते वरच्या भाड्यातून व्हायचं. विक्रमनं चटकन उठून त्यांच्या हातातला ट्रे घेतला.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. इथं उलटंच झालं. सरकारी काम दर चार दिवसांनी आपण होऊन दारात यायला लागलं. कधी सही राहिली होती, कधी फोटोत गेट तिरकं आलं होतं. तिसऱ्या खेपेला यशश्रीनंच विचारलं, "आज काय राहिलं?"

"आज काहीच नाही राहिलं," तो म्हणाला. "सच बोलूँ तो... आज असाच आलोय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. जानेवारीत ती दाल बाजारात तीळ आणि गूळ घ्यायला गेली, तर हा सुट्टी टाकून पिशवी धरायला हजर. गुळाच्या ढेपा बघत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मार्चमध्ये पक्का झालो ना, की आमचे बाबा तुमच्याकडे येणार आहेत."

"कशाला? घर मापायला?"

"नाही यार... तुला मागायला."

ती भाव करायचंच विसरली. दुकानदारानं सांगितला तो भाव देऊन आली. सुख इतकं बिनबोभाट आलं, की तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. हीच चूक.

संक्रांतीनंतर नवी करवाढ जाहीर झाली. पुढचा रस्ता रुंद झाला, म्हणून त्यांची गल्ली वरच्या दराच्या यादीत गेली होती. दर वाढला आणि त्यात भाडेकरू असलेल्यांना पूर्ण आकारणी, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. घरोघरी कागद आले. आक्षेप ऐकायला पुढच्या शनिवारी सामुदायिक भवनात सभा होती.

शेजारच्या शालिनीताईंनी त्यांच्या हळदीकुंकवाला यंदा सगळ्यांना निरोप दिला, येताना आपापला कागद घेऊन या. यशश्रीचं अक्षर चांगलं आणि डोकं थंड, तेव्हा गल्लीचा आक्षेप तिनं लिहायचा, हे परस्पर ठरलं होतं. बायका कुंकू लावून, वाण घेऊन बसल्या आणि यशश्रीच्या मांडीवर कागदांचा ढीग झाला.

इंदुताई गल्लीत सगळ्यांत म्हाताऱ्या, एकट्या. नवऱ्याची पेन्शन नाही, वरच्या दोन खोल्यांचं भाडं हाच आधार. त्या हळूच म्हणाल्या, "यशू, हे भरायचं म्हणजे माझ्या बीपीच्या गोळ्या दोन महिने बंद. बघ बाई, काही होतं का."

यशश्री एकेक कागद वाचत गेली. शालिनीताईंचा वरचा मजला, भाडेकरू, पूर्ण. इंदुताईंचा, पूर्ण. गल्लीत वर भाडेकरू असलेली अकरा घरं, सगळी पूर्ण. मग तिनं आपला स्वतःचा कागद उघडला, आणि तिथं वरच्या मजल्यापुढे लिहिलं होतं: स्वतःचा वापर. निम्मा कर.

खाली सही विक्रमची.

कागद तिनं दुमडून पर्समध्ये टाकला. "तुझा गं कुठाय?" शालिनीताईंनी विचारलं. "घरी राहिला," ती म्हणाली. हळदीकुंकवाच्या पाटावर बसून ती पहिल्यांदा खोटं बोलली.

दुसऱ्या दिवशी ती विक्रमच्या ऑफिसबाहेर उभी राहिली. तो हसत आला. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं.

"हे तू केलंस?"

"यशू... काकूंच्या इंजेक्शनची बिलं टेबलावर पडली होती. मी बघितली."

"मी तुला मागितलं होतं?"

"नाही. मागितलं असतंस तर नसतं केलं कदाचित."

यावर रागवायचं की रडायचं तिला कळेना. "इंदुताईंच्या टेबलावर पण गोळ्या होत्या रे," ती म्हणाली. "तिथं तुला दिसल्या नाहीत?"

त्यानं कानाचं पेन काढून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "शनिवार होऊ दे. मग गुपचूप दुरुस्त करतो. तोवर तुझा कागद कुणाला दाखवू नको, बस. मार्च दीड महिन्यावर आलाय."

आणि यशश्री, थंड डोक्याची यशश्री, 'बरं' म्हणाली. प्रेमात माणूस दुसऱ्याची चूक पोटात घालतो म्हणतात. तिनं पर्समध्ये घातली.

शनिवारी भवन गच्च भरलं. मंचावर उपायुक्त मॅडम, दोन अधिकारी, आणि बाजूला भिंतीशी रजिस्टरं घेऊन विक्रम. शिवाजीराव नावाचे एक रिटायर्ड सुभेदार आधी उठले. "रस्ता चौडा झाला खरा," ते म्हणाले, "पण नाली तर जुनीच आहे ना? दर पावसाळ्यात माझ्या बैठकीत येते. तिच्यावर पण टॅक्स लावा." लोक हसले. मॅडमसुद्धा हसल्या, पण लिहून काही घेतलं नाही.

मग यशश्री बोलली, आणि फार चांगलं बोलली. ज्यांचं पोट त्या भाड्यावर आहे त्यांना एका मापानं का मोजता, असं तिनं विचारलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बेटा, आपकी बात सही है. लेकिन नियम सब पर एक जैसा लगा है. पूरी गली में एक भी घर ऐसा बता दो जहाँ नियम अलग लगा हो, तो मैं इस गली का सर्वे आज ही रद्द करती हूँ. नया सर्वे होने तक पुराना रेट. है कोई घर?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. इंदुताईंनी तर मान खालीच घातली. एक घर. ते घर यशश्रीच्या पर्समध्ये होतं.

तिनं विक्रमकडे पाहिलं. तो रजिस्टरं छातीशी धरून उभा होता, पांढराफटक. 'नको' असं काही त्यानं खुणावलं नाही. खुणावलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

"नहीं है ना?" मॅडम म्हणाल्या. "तो फिर—"

"है," यशश्री म्हणाली. "मेरा."

तिनं कागद टेबलावर ठेवला. भवनात मधमाश्यांसारखी कुजबुज उठली. मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला. "आपने गलत जानकारी दी थी? मालिक झूठ लिखवाए तो जुर्माना लगता है, पता है?"

यशश्रीनं तोंड उघडलं, पण बाजूच्या भिंतीकडून आवाज आला.

"उन्होंने सच बताया था, मैडम. सर्वे मेरा है."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी त्याला वाट काढून दिली. "किरायेदार बाहर होंगे. कमरा बंद मिला होगा तुम्हें?"

नुसतं 'जी' म्हणायचं होतं. एका अक्षरात नोकरी वाचत होती. विक्रमनं एकदा यशश्रीकडे पाहिलं, एकदा पहिल्या रांगेत अंदाजानं आवाजाच्या दिशेनं मान वळवलेल्या सरोजिनीबाईंकडे.

"नहीं मैडम," तो म्हणाला. "मुझे मालूम था. मैंने जानकर लिखा."

गल्लीचा सर्वे रद्द झाला. पुढच्या आठवड्यात विक्रमलाही कामावरून कमी केलं.

यशश्रीच्या घरी पेढे आले, शालिनीताईंनी साडी दिली. इंदुताईंनी तिचे हात हातात घेतले. तिचं आणि विक्रमचं काय होतं ते त्यांना कळलं होतं. विक्रमचा फोन मात्र आला नाही. तिनं लावला तर तो उचलेना. दहाव्या दिवशी सरोजिनीबाई म्हणाल्या, "किती दिवस फोनकडे बघत बसणार? थाटीपूर काही काशीला नाही."

सकाळी ती गेली तेव्हा पुन्हा धुकं होतं. दार दौलतसिंहांनी उघडलं. उंच, पडलेले खांदे, दाढी वाढलेली. "या," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. व्हरांड्यात विक्रम बॅगेची चेन लावत होता. इंदूरला एका बिल्डरकडे मोजणीचं काम मिळालं होतं. आठची बस.

"सांगितलं नाहीस."

"काय सांगू? पगार निम्मा आहे, घर जूनमध्ये जाणार आहे." तो बॅगेकडेच बघत होता. "तुझ्यावर राग नाही माझा. पण तुझ्याकडे बघितलं की मला इंदुताई दिसतात. शरम वाटते."

"माझ्याच पर्समध्ये होता तो कागद, चार दिवस. मला नाही वाटत शरम?"

त्यानं लावलेली चेन पुन्हा उघडून लावली.

"मार्चमध्ये मला मागायला येणार होतात तुम्ही लोक."

"नोकरी पक्की झाली तर, म्हटलं होतं."

"मी नोकरीला हो म्हणणार नव्हते, विक्रम."

रस्त्यावर ऑटो येऊन थांबला. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

"आत्ता नको," विक्रम म्हणाला. "आत्ता मी विचारलं तर तू उपकार फेडायला हो म्हणशील. मुझे वो वाला हाँ नहीं चाहिए."

"मग तू नको विचारूस. मी विचारते." तिचा आवाज भवनात हलला नव्हता, तो इथं हलला. "करशील लग्न माझ्याशी?"

ऑटोवाल्यानं दुसऱ्यांदा हॉर्न दिला.

"कधी, ते नाही सांगू शकत," तो अखेर म्हणाला. "एक वर्ष लागेल, दोन लागतील. कुछ पता नहीं."

"मी 'कधी' विचारलंच नाही."

"...हो," तो म्हणाला. अगदी हळू, चूक कबूल करावी तसा. मग बॅग उचलून, वडिलांच्या पाया पडायला आत जाऊन, बाहेर येऊन, तिच्या हाताला नुसती बोटं लावून तो ऑटोत बसला. मागं वळून बघायला त्यानं मान काढली तोवर धुक्यानं ऑटो गिळला होता.

यशश्री गेटपाशीच उभी राहिली. सभेत ती रडली नव्हती, दहा दिवस रडली नव्हती. आताही रडायचं नाही म्हणून तिनं ओठ दाबून धरले होते. मागं चपलांचा आवाज आला. दौलतसिंह तिच्या शेजारी येऊन रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघताच म्हणाले,

"चला आत. अशा गारठ्यात उभं राहू नये, सूनबाई."

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.