रविराजचं लॉगिन

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. निमोण्याच्या प्रतिभावर हे गुदरलं ते रात्री-बेरात्री नाही. रविवारची भर दुपार होती. जागा, रांजणगावची एक औषध कंपनी. नाव मी सांगणार नाही.

प्रतिभा तिथं लॅबमध्ये केमिस्ट. लहान पोरांचं खोकल्याचं सिरप तपासायची. मशीनची सुई बाटलीतून थेंब उचलते, टक् असा आवाज होतो, निकाल कॉम्प्युटरवर येतो. खाली तपासणाऱ्याचं नाव.

आता त्या लॅबची खोड ऐका. निकाल वाईट आला की पुसायचा, आणि चांगला येईपर्यंत पुन्हा तपासायचं. पुसायचा तो रविराजच्या लॉगिनवरून. रविराज त्याच लॅबमधला पोरगा. शिमग्याच्या तोंडावर डबल ड्युटी करून दौंडला घरी निघाला आणि वाटेत ट्रकखाली गेला. त्याचा पासवर्ड सगळ्यांना पाठ. मेलेल्याला जाब कोण विचारणार?

सोमवारी सगळी मशीन एका सर्व्हरला जोडायची होती. मग काहीच पुसता येणार नव्हतं. म्हणून साहेबांनी रविवारीच प्रतिभाला एकटीला बोलावलं. एक बॅच अडकली होती. ती पास झाली नाही तर उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं.

निकाल आला... वाईट.

सिरपमध्ये पोरांची किडनी निकामी करणारं विष होतं. प्रतिभाचा स्वतःचा साई घरी खोकत होता. तरी तिनं रविराजच्या नावानं तो निकाल पुसला. नोकरी कुणाला नको असते?

एसीची घरघर थांबली.

टक्...

तिनं कशालाही हात लावला नव्हता.

तोच निकाल परत आला. खाली नाव, रविराज.

तिनं पुसला. सिरपची बाटली काढून मुठीत धरली. आता मशीनमध्ये काहीच नव्हतं.

टक्...

तोच निकाल.

मग शेऱ्याच्या चौकटीत अक्षरं उमटू लागली. हळूहळू... एकेक.

"ताई, माझ्या नावावर नको."

लॅबमध्ये सगळे तिला मॅडम म्हणायचे. ताई म्हणणारा एकच होता.

प्रतिभा ढसाढसा रडली. मग स्वतःच्या लॉगिननं तिनं बॅच नापास केली. सोमवारी कॉम्प्युटरवाल्या सारिकानं रविराजचं लॉगिन कायमचं बंद केलं. निकाल सर्व्हरवर गेला, बॅच थांबली. प्रतिभाची नोकरीही गेली.

पुढच्या रविवारी ती दौंडला रविराजच्या आईकडं, शेवंताबाईंकडं गेली. माफी मागायची होती. पण म्हातारीचे डोळे रडून सुजलेले बघून तिची जीभच उचलेना.

"रोज दुपारी यायचा गं माझा रवी," म्हातारी म्हणाली. "हितं उंबऱ्यावर बसायचा. आई, तिथनं माझं नाव काढाया सांग, एवढंच म्हणायचा. मला कुठं काय कळतंय? पर दिसायचा तरी."

प्रतिभानं उंबऱ्याकडं बघितलं.

"सोमवारपासनं येत न्हाई. मी रोज दार उघडं ठिवती." शेवंताबाईंनी तिचा हात धरला. "तू त्याच्यासंगं कामाला हुतीस ना? तिथं काय झालं गं?"

प्रतिभानं अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी ती दौंडला जाते. दुपारभर म्हातारीजवळ बसते, आणि दोघी उंबऱ्याकडं बघत राहतात.