अंगठ्याएवढा पांढरा डाग

"दार!"

ती अंधारातून ओरडली. दारात हातात ट्रे घेतलेला एक उंच माणूस, चोरी करताना पकडल्यासारखा उभा.

"सॉरी… मला वाटलं आत कोणी नाही."

"बाहेरचा लाल दिवा काय शोभेला लावलाय?"

"मी नवीन आहे. लेपाच्या शेडमधून… टर्बाइनची पाती आणलीत."

"ठेवा. आणि जाताना दार बाहेरून लावा."

तो हसला. यात हसण्यासारखं काय होतं ते तिला कळेना, म्हणून तिला तिथेच त्याचा संशय आला.

संशय घेणं हे तर तिचं कामच. भयंकर धगीत फिरणाऱ्या त्या पात्यांवर उष्णता अडवणारा पांढरा लेप चढवलेला असे. तो धातूला धरून आहे की आतून सुटलाय, हे पातं न कापता, न ओरखडता तिनं सांगायचं. लख्ख फ्लॅश मारायचा आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून बघायचं. लेपानं धरलेलं असेल तर ऊब झटकन धातूत उतरते. सुटलेलं असेल तर ती वरच रेंगाळते, पडद्यावर पांढरा डाग होऊन. वरवर फार उजळतं ते आतून सुटलेलं असतं… ठरलेलं लग्न मोडल्यापासून हा नियम तिनं माणसांनाही लावला होता. घरी वहिनी म्हणायची, "आलेल्या स्थळाला तू आधी फ्लॅश मारशील, मग पाणी विचारशील!" कारखान्यात तर तिचं नावच पडलं होतं – शंकासूर.

आणि हा लेपवाला प्रत्येक खेपेला स्वतःच येऊ लागला.

"ट्रॉलीनं पाठवायची ना पाती."

"ट्रॉलीला तुमचं ओरडणं ऐकू येत नाही."

"गोड बोलून पाती पास होत नसतात."

"मग तिखट बोलून बघू?"

तिनं हसू दाबलं. पण एक गोष्ट तिला टोचत होती. आणलेली पाती तो स्वतःच कॅमेऱ्यासमोर लावून द्यायचा, आणि त्यांत एकावर तरी डाग निघायचाच. नियम असा, की संशयित पातं पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा तपासायचं. डाग त्याच जागी आला तर नापास. तोवर लेपवाला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गप्पा मारणार… आणि दुसऱ्यांदा पातं स्वच्छ! "बघा, पास!" त्याला जरा जास्तच आनंद व्हायचा.

काय लपवतोय हा? सुटलेला लेप तिच्या सहीनं पुढे गेला तर अख्खं इंजिन खलास. त्याहून वाईट म्हणजे, पातं थंड होईपर्यंतचा तो वेळ तिला आवडायला लागला होता. आपलीच नजर बिघडली तर…?

मग एकदा तिनं फ्लॅश मारण्याआधीच पडद्याकडे पाहिलं. डाग आधीपासूनच होता. अंगठ्याएवढा. अंगठ्याच्याच आकाराचा!

तिनं दिवा लावला. "हात दाखवा."

पाती हाताळताना सक्तीचा असलेला हातमोजा उजव्या हातात नव्हता.

"कुठलं पातं सुटलंय? कशावर पांघरूण घालताय?"

"एकही नाही, शपथ! पातं लावताना अंगठा दाबून धरतो, त्याची ऊब दिसते, एवढंच. दुसऱ्यांदा तपासायचं ठरलं की… इथे थांबता येतं."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे मला फसवत होतात."

"हो." त्याचं हसू विझलं. "पात्यांच्या बाबतीत नाही. पण हो."

"तुमची सगळी पाती मी पुन्हा तपासणार. एक जरी सुटलेलं निघालं, तर पुढचं मोठ्या साहेबांसमोर. तोवर इथे पाऊल टाकायचं नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"संशयित वस्तू थंड होऊ देतात. मग बघतात."

सगळी पाती निर्दोष निघाली. नवी पाती आता ट्रॉलीनं येत, एकावरही डाग नसे. खोली मात्र नको इतकी शांत झाली होती. झाला असेल थंड, ती स्वतःशी म्हणायची, सगळे असेच… आणि नजर पुन्हा स्टुलाकडे जायची.

एका दुपारी लाल दिवा विझल्यावर दारावर टकटक झाली. तो. दोन्ही हातांत हातमोजे, ट्रे नाही.

"पाती कुठायत?"

"नाहीत. फेरतपासणीला आलोय… मीच. थंड व्हायला सांगितलं होतंत ना. नाही झालो."

ती त्याच्याकडे बघत राहिली, कुठे काही खोट दिसते का ते शोधत.

"दुसऱ्यांदाही डाग त्याच जागी आला, तर काय करतात माहीत आहे ना?"

"नापास," तो पडेल आवाजात म्हणाला.

"ते पात्याचं झालं. हातमोजा काढा."

लेप दिलेल्या नमुन्याच्या पट्टीवर त्यानं पंजा टेकवला आणि उचलला. पडद्यावर पाच बोटं उजळली… आणि विरत गेली.

"बघा, आत उतरतेय. वर रेंगाळत नाहीये."

"पट्टी चांगली आहे म्हणून," ती म्हणाली. आणि स्वतःचा हातमोजा काढून त्याच्या ठशाशेजारी तळवा दाबला.

"तुझी ऊब जरा रेंगाळतेय," तो पुटपुटला. "सुटलेलं दिसतंय काहीतरी."

"गप्प बस. आणि ते दार लाव."

"बाहेरून?"

तिनं उत्तराला वेळ घेतला. तिच्या बोटांचा ठसा पडद्यावरून पुरता उतरेपर्यंत.

"आतून."