शेपटी आखूड आहे, एवढंच

"तुमचं रक्त चुकलंय," फोनवर एक पुरुषी आवाज म्हणाला.

"माझं रक्त कसं चुकेल? तुमचं मशीन चुकलं असेल!" मी ताडकन म्हटलं.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शेजारी एक शिकाऊ काकू गाडी कडेला लावून घाम पुसत होत्या, आणि हा म्हणे रक्त चुकलंय! त्याचं असं, की मावशीने माझं लग्न तीन दुकानांच्या मालकांकडे जवळपास पक्कं केलं होतं. होकाराआधी त्यांना माझा रक्ताचा रिपोर्ट हवा होता. आई गेल्यापासून घरात मावशीचा शब्द शेवटचा, म्हणून मी निमूटपणे रक्त देऊन आले होते.

लॅबमध्ये गेले तर समोर चष्मेवाला, सडपातळ, सुई टोचताना जिभेचं टोक दातांत धरणारा एक तरुण. मी त्याचं नाव तिथल्या तिथे 'सुईवाला' ठेवलं.

"हिमोग्लोबिन साडेअठरा आलंय. बायकांचं एवढं नसतं हो," तो म्हणाला. "आणि… लाजू नका. साधी तपासणी आहे."

"लाजतंय कोण? माझं तोंड जन्मापासून लालच आहे. बाबांचंही आहे."

"बाबांचंही?" त्याने सुई खाली ठेवली.

इतक्या उत्सुकतेने माझ्याविषयी आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं. दुकानवाल्यांनी तर फक्त उंची विचारली होती.

दुसऱ्यांदा तेच आलं, तिसऱ्यांदाही तेच. मग तिथल्या डॉक्टरांनी माझं आणि बाबांचं रक्त मोठ्या लॅबला पाठवलं. उत्तर यायला दीड महिना लागणार होता. त्या दीड महिन्यात सुईवाल्याने आमच्या स्कूलमध्ये नाव घातलं.

"लायसन्स काढायचंच होतं मला… केव्हापासून," तो म्हणाला. साफ थाप! त्याच्याकडे साधी सायकलसुद्धा नव्हती.

उत्तर आलं त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. आम्ही गाडीत बसलो होतो, काचा आतून धुरकटल्या होत्या. त्याने काचेवर बोटाने एक उभी रेघ ओढली.

"हा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारा. हाडांच्या आत कोवळ्या पेशी असतात, त्यांच्या अंगावर असतो. अर्धा बाहेर, अर्धा आत. मूत्रपिंडाकडून निरोप येतो, तांबड्या पेशी वाढवा. निरोप हाती आला, की दोन रिसेप्टर असे…" त्याने शेजारी दुसरी रेघ ओढली, "…जवळ येतात."

"मग?"

"मग आतल्या बाजूने त्यांना चिकटलेली प्रथिनं एकमेकांना जागं करतात. आणि निरोप थेट पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो."

"नुसतं जवळ आल्यावर एवढं होतं?"

"होतं…" तो वायपरकडे बघत पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते, आणि त्याला तर काही आजारही नव्हता.

मग त्याने रेघेला खाली शेपटी काढली. "काम झालं, की 'पुरे आता' म्हणणारे इथे येऊन बसतात. तुमची ही शेपटी आखूड आहे. जन्मतःच. त्यामुळे पेशी कामाला लागल्या, की लवकर थांबत नाहीत."

"म्हणजे माझ्या पेशींना 'पुरे' ऐकूच येत नाही!"

"तुम्हाला तरी कुठे येतं?"

मी इतकी हसले, की हॉर्नवर कोपर पडलं. धोका काय, तेही विचारलं. पाणी भरपूर प्यायचं, वर्षातून दोनदा तपासून घ्यायचं, असं डॉक्टरांचं म्हणणं. बाबांचीही शेपटी तशीच आखूड निघाली, पण ते बासष्टचे आहेत, सुतारकाम करतात, अजून अख्खं कपाट एकटे उचलतात.

पण मावशीने कपाळाला हात लावला. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची! दोन बाटल्या रक्त काढू, आकडा उतरेल, मग नवा रिपोर्ट पाठवू. तुझ्या आईला शब्द दिलाय मी… तुला चांगल्या घरी देईन म्हणून." आणि ती रडायला लागली. तिच्या रडण्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून गेले मी.

खुर्चीत बसले, बाही वर केली. मावशी सुईवाल्याला म्हणाली, "रक्तदान समजून घ्या हो. तेवढंच पुण्य."

त्याचा चेहरा उतरला. "खोट्या रिपोर्टसाठी मी सुई लावणार नाही, मावशी," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पण… तुम्हाला हवंय का हे? ते घर?"

दीड महिन्यात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. माझं डोकंच सटकलं.

"नाही!" मी बाही खाली ओढली. "काय चोरी केलीय मी, मावशी? शेपटी आखूड आहे, एवढंच! जन्मभर त्यांच्या घरात रक्त उपसत बसू?"

तिथूनच दुकानवाल्यांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. "बरं, कळवतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. असं 'कळवतो' म्हणणारं कुणी कधी कळवत नाही.

मावशी मटकन बसली. "आता कोण करणार तुझ्याशी लग्न? उद्या मुलांना झालं म्हणजे?"

"प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता," सुईवाला चटकन म्हणाला. "मी सांगितलंय आईला."

"कुणाच्या आईला?" मावशीने विचारलं.

"माझ्या…" तो थांबला, पण आता मागे फिरणं शक्यच नव्हतं. "ती म्हणाली, निम्मीच का? होऊ देत की सगळी लालबुंद!"

पण मी हरणार थोडीच!

"मला न विचारता मुलांपर्यंत पोचलात? आधी मला विचारा. इथेच. मोठ्याने."

बाहेर बाकावर चार पेशंट बसले होते, दार सताड उघडं होतं. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. ते लावलं मात्र नाही.

"लग्न करशील माझ्याशी?" तो म्हणाला. खणखणीत. पहिल्यांदाच 'तू' म्हणत.

बाहेरच्या चारही माना आत वळल्या.

मावशीने डोळ्याला पदर लावला. "अगं, लोकांना काय सांगू मी?"

"आहे ते सगळं सांग," मी त्याचा हात घट्ट धरला. "आणि हेही सांग, की ती हो म्हणाली."